उशीचा अभ्रा

“सोमवारचं गाठोडं गुरुवारी मागायला येतेस आणि वर घाई करतेस!” लाँड्रीवाले काका चष्म्यावरून बघत म्हणाले. “पावतीवर तारीख काय आहे? वाच.”

“वाचलीय, काका. सगळं गाठोडं नको मला. फक्त उशीचा अभ्रा द्या.”

“सकाळी सकाळी इतकी कसली झोप आलीय?”

एरवी ती हसली असती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते. वृद्धाश्रमाच्या अधीक्षक बाईंनी काल स्पष्ट सांगितलं होतं: अकराच्या आत शाळेचा मूळ दाखला घेऊन ये, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावते. काम म्हाताऱ्यांना भरवायचं, पुसायचं, उठवायचं-बसवायचं. पण कामाबरोबर एक खाट होती आणि किल्लीचं कपाट होतं. तो दाखला तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळून अभ्र्याच्या दुहेरी शिवणीत काळ्या दोऱ्यानं शिवला होता, आणि अभ्रा काकांच्या ताब्यात होता.

काका तिला ‘सोमवार’च म्हणत. दर सोमवारी ती यायची, जुनं गाठोडं सोडवायची, आणि तासाभरात तेच गाठोडं पुन्हा धुवायला टाकायची. दोन शर्ट, एक पँट, चादर, आईचा स्वेटर आणि अभ्रा. एक जोड अंगावर, बाकी सगळा संसार लाँड्रीच्या फळीवर. तिथं पाऊस नव्हता, चोर नव्हते, आणि कुणी विचारत नव्हतं. मामीनं चार महिन्यांपूर्वी दाराचं कुलूप बदललं आणि नवी किल्ली हिला दिली नाही, एवढंच झालं होतं. कडाक्याचं भांडण झालं असतं तर निदान सांगायला काही उरलं असतं. दिवसभर ती बेकरीत पाव भरायची आणि रात्र बसस्थानकाच्या बाकावर काढायची. वय एकोणीस.

काका कुरकुरत आत गेले आणि अभ्रा घेऊन आले. ओला होता.

“घे. काल मोठ्या मशीनमधून निघालाय. अजून वाळायचाय.”

तिनं काठ चाचपला. शिवण उसवलेली होती. आत बोटं घातली, मग मूठ घातली, मग अभ्रा उलटाच केला. काही नव्हतं.

“यात कागद होता, काका. माझा दाखला.”

“कपड्यांत कागद कोण ठेवतं गं?”

“ज्यांच्याकडे कपाट नसतं ते!”

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. चार महिने जिवाच्या आकांतानं झाकलेलं एका वाक्यात उघडं पडलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“शिवणी उसवणं वगैरे त्या इस्त्रीवाल्याचं काम,” ते जरा मऊ आवाजात म्हणाले. “दवाखान्यात चादरी पोचवायला गेलाय. येईल दहापर्यंत. बस.”

ती बसली नाही. इस्त्रीवाल्याला हे कळावं याच्याइतकी नको असलेली गोष्ट जगात दुसरी नव्हती. तो तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. फारसा बोलायचा नाही. पण आईच्या स्वेटरची घडी तो अशी घालायचा, जसं काही त्यात कुणी झोपलंय. त्याच्यासाठी सोमवार लवकर यावा असं तिला वाटायचं, आणि हे तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

दहा वाजले. सव्वादहा. वृद्धाश्रम चालत चाळीस मिनिटांवर होता. तिनं तीनदा रस्त्यावर जाऊन पाहिलं. काका उगाचच पावत्यांचा गठ्ठा खालीवर करत होते. दहा पंचविसाला सायकल दाराशी येऊन थांबली.

“अभ्र्यातला कागद कुठंय?” तिनं त्याला उतरूसुद्धा दिलं नाही.

त्यानं तिच्या हातातला ओला अभ्रा पाहिला, तिचा चेहरा पाहिला, आणि इस्त्रीच्या टेबलाखाली वाकला. शर्टाच्या घडीत घालायचे दोन पुठ्ठे त्यानं बाहेर काढले. मधे दाखला होता. कोरडा, सपाट. घड्यांच्या खुणासुद्धा पुसट झालेल्या.

“मधे फडकं घालून हलकी इस्त्री फिरवली,” तो म्हणाला. “घडीवर फाटायला लागला होता.”

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या सोमवारपासून. कपडे मोजताना शिवणीत कागद वाजला. दर वेळी धुण्याआधी काढायचो आणि नंतर परत शिवून टाकायचो.”

म्हणजे तिच्या काळ्या दोऱ्याचा रंग धुऊन धुऊन उडाला नव्हता. तो दोराच त्याचा होता. तिला रडू आलं आणि रागही आला.

“मग बोलला का नाहीत? दर सोमवारी हसत असाल मनात. धुतलेले कपडे धुवायला आणते म्हणून!”

“माझी पेटी वर्षभर बस डेपोच्या सामानघरात होती,” तो म्हणाला. “अनाथाश्रमातून अठराव्या वर्षी काढतात. तिथला माणूसही मला कधी काही बोलला नाही.”

त्यानं घड्याळ दाखवलं.

“सायकल घ्या. वीस मिनिटांत पोचाल.”

“अरे, ती माझी सायकल आहे!” काका ओरडले. “परत आली नाही म्हणजे?”

“गाठोडं आहे ना तिचं आपल्याकडे,” इस्त्रीवाला म्हणाला.

सायकल त्याच संध्याकाळी परत आली. इस्त्रीवाला तेव्हा दवाखान्यात चादरी द्यायला गेला होता. काकांनी वाळलेलं गाठोडं तिच्या हाती दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि वर तिच्यावरच खेकसले.

सोमवारी ती नेहमीच्या वेळी आली. इस्त्रीवाल्यानं गाठोड्याची गाठ सोडली आणि थबकला. शर्टाच्या बाहीवर औषधाचा पिवळा डाग होता. पुढच्या बाजूला कुणीतरी सांडलेला चहा, कॉलर काळी, पँटच्या गुडघ्यांवर फरशीचा मळ.

“हे तर खरंच मळलेत,” तो म्हणाला.

“मग? धुवायलाच आणलेत.”

तो एकेक कपडा मोजू लागला. शर्ट दोन, पँट, चादर, स्वेटर. पावती लिहिता लिहिता त्याचा हात थांबला.

“अभ्रा नाही आणलास?”

“नाही,” ती म्हणाली. “तो उशीवर आहे.”

त्यानं मान हलवली आणि पावतीवर पाच नग लिहिले.