मोठी मरळ

लेकीची, मनिषाची ओटी भरली त्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाला, शहादेवने जाळ्यातली हातभर मरळ काढली आणि होडीच्या तळाशी ओल्या पोत्याखाली सारली. तलावाच्या काठावर सरकारी जीप येऊन थांबली होती.

तपासणीचे साहेब बर्फाचा डबा घेऊन उतरले.

"पाण्यात पारा उतरलाय असा संशय आहे. तपासायला मासे पाहिजेत. मोठी मरळ आहे का? मोठीच लागेल."

शहादेवने बायकोकडे पाहिलं. आजवर जे जे साहेब आले त्यांनी मोठीच मरळ तपासायला नेली होती, आणि एकाही मरळीचा निकाल कधी आला नव्हता.

"मोठी कुठली, साहेब. हे बारकं घ्या."

त्याने टोपलीतली ओंजळभर चिलापी डब्यात टाकली. तेवढ्यात पोतं हललं. सुभद्राबाई त्यावर पाय देऊन उभी राहिली.

साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. जीप गेली.

"मोठीच लागंल म्हनं," सुभद्राबाई पदर खोचत म्हणाली. "ह्याची बी लेक बाळंतपनाला आलीय का काय!"

"आली आसंल. आपल्या लेकीच्या तोंडचं त्याला का म्हून द्यायचं?"

त्यांच्या घरात पहिलटकरणीचा मान तलावातल्या सगळ्यात मोठ्या माशाचा. नवरा ऊसतोडीला गेल्यामुळे मनिषा तिसऱ्या महिन्यापासून माहेरीच होती, आणि मोठी मरळ तेव्हापासून बाजारात गेलीच नव्हती.

महिन्याभराने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. पारा मर्यादेच्या आत, मासे खाण्यास योग्य. शहादेवने तो लेकीकडूनच वाचून घेतला.

"बघ. आता तर सरकार बी खा म्हनतंय."

"बाबा, लई झाली मरळ. वास बी नको वाटतो."

"दोन घास खा. लेकराला ताकद येती."

लेकरू झालं, पण मान धरेना. मग झटके येऊ लागले. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी मायलेकींचे केस तपासायला पाठवले आणि निकाल हातात घेऊन विचारलं,

"मासे कुठले खायची ही?"

"आमच्याच तळ्यातले. तपासलेले हायेत, बाई."

"कोणता तपासला? बारक्यांना खाऊन खाऊन मोठ्या माशात पारा साठतो. मोठाच पाठवायला हवा होता."

बाकाखाली सुभद्राबाईने आपला पाय लुगड्यात ओढून घेतला.

फळ्यावरचा कागद अजून आहे. मनिषाची मुलगी कावेरी पौषात, अमावस्येच्या आदल्या दिवशी वारली.