दीड दिवसाची सोय

लोधिवलीच्या येसूबाईंच्या घरचा गणपती गौरीबरोबर जाणारा. यंदा तो दीड दिवसाचा झाला. हा निर्णय त्यांच्या मुलाच्या, देवेशच्या, पनवेलच्या फ्लॅटमध्ये झाला. गणपतीला कुणी विचारलं नाही, आणि येसूबाईंना कळवण्यात आलं.

सुनेचं, भाविकाचं, त्यात चुकत होतं असं नाही. नोकरीतून रजा काढायची, ती रजा सासरच्या चुलीपुढे घालवायची, रोज आरतीला येणाऱ्या अख्ख्या आळीला चहा द्यायचा, आणि पुन्हा नोकरीवर जाऊन लोकांना 'सुट्टी छान गेली' म्हणून सांगायचं. मागच्या वर्षी गौरीच्या जेवणाचं वाटण करताना ती मिक्सरवर डोकं ठेवून झोपली होती. मिक्सर बंद होता म्हणून बरं. नंतर डॉक्टरांनी ताण कमी करायला सांगितला. देवेश एका कंपनीत सुरक्षा अधिकारी. धोका कुठे आहे ते शोधायचं आणि तो काढून टाकायचा, याचाच त्याला पगार मिळे. घरातला धोका त्याला लगेच सापडला.

"आई, दीड दिवस. एकदम सुटसुटीत," तो म्हणाला. "तुझीच दगदग वाचेल."

"माझी कुठं दगदग होते रं? मी तर बसून असते."

"बसून पण होते. मनाची."

"आन् गवर?"

"गौर मनात पुजायची. देवाला भाव लागतो, आई."

येसूबाईंच्या ओठांवर आणखी एक प्रश्न आला होता. आन् हर्षला? तो त्यांनी गिळला. ते नाव त्या घरात देवेशसमोर कुणी काढत नसे.

हर्षला ही देवेशची धाकटी बहीण, कशेळ्याच्या पलीकडे शेतकऱ्याच्या घरी दिलेली. रस्त्याकडची जमीन विकायची ठरली तेव्हा देवेशने तिच्यापुढे हक्क सोडल्याचा कागद ठेवला. ती म्हणाली, "विचार करते." नाही म्हणाली असती तर भांडण झालं असतं, आणि भांडण कधी ना कधी मिटतं. विचार करणाऱ्या बहिणीचं काय करायचं, ते देवेशला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने बोलणं बंद केलं. तिने येणं बंद केलं.

पण या घरची गौर आणायची ती लेकीनेच. तेरड्याची गौर हातात घेऊन आलेल्या बाईला दारातून परत पाठवायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे वर्षातून एकदा हर्षला यायची आणि गौरीसारखीच दोन रात्री राहायची. भावंडं एकमेकांशी बोलत नसत. देवेश "मीठ जास्त झालंय" हे भिंतीला सांगायचा आणि हर्षला "मग खाऊ नये" हे कुकरला. रात्री मात्र ती आईच्या अंथरुणात शिरायची. त्या दोन रात्रींवर येसूबाई उरलेलं वर्ष काढत.

यंदा काही नाही, हे तिला सांगायला हवं होतं. येसूबाईंनी फोन लावलाही. कोंबड्यांचं बोलल्या, विमलबाईच्या गुडघ्याचं बोलल्या, पावसाचं बोलल्या.

"आई, बाकी काय?" हर्षलाने विचारलं.

"बाकी काय नाय गं."

सांगितलं असतं तर ती आली नसती. येसूबाईंना ते कळत होतं. पुढचं काही त्यांनी मुद्दामच कळून घेतलं नाही.

गणपती आला, बसला न बसला तोच निघाला. ओढ्यावरून परत येताना देवेश म्हणाला, "किती हलकं वाटतंय." मग मंजूर झालेली रजा फुकट जाऊ नये म्हणून तो बायकोमुलांना घेऊन महाबळेश्वरला विश्रांतीला गेला. येसूबाईंनाही चल म्हणाला होता. त्यांनी कोंबड्यांचं कारण सांगितलं.

गौरीच्या दिवशी त्या सकाळीच नवं लुगडं नेसून ओटीवर बसल्या.

हर्षला चौक गावच्या नाक्यावर जीपमधून उतरली. वाटेत खुडलेला तेरडा तिने पिशवीत आणला होता. गावाबाहेरच्या विहिरीवर तिने तो धुतला, ओल्या कापडात गुंडाळला आणि चालू लागली. विहिरीपासून दारापर्यंत गौर मुक्याने आणायची, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, अशी या घरची रीत. शेजारच्या विमलबाईंनी तिला येताना पाहिलं. त्या पुढे झाल्या, तोंड उघडलं, आणि ऐन वेळी गुडघा धरून खाली बसल्या. आळीतल्या बाकीच्या बायकांनाही तेव्हाच घरातली कामं आठवली. ती बोलू शकत नव्हती आणि यांना बोलायचं नव्हतं.

हर्षला दारात येऊन उभी राहिली. एरवी भाविका पुढे येऊन तिच्या पायांवर दूधपाणी घालायची आणि गौर कशाच्या पावलांनी आली ते विचारायची. सोन्याच्या पावलांनी, असं हर्षलाने म्हणायचं आणि आत यायचं. आज समोर नुसती आई. आणि विधवेने हे करायचं नसतं.

येसूबाई आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या. वाकून त्यांनी लेकीच्या पायांवर पाणी घातलं.

"गवर कशाच्या पावलांनी आली?" त्यांनी विचारलं.

हर्षलाची नजर आईच्या खांद्यावरून आत गेली होती. मखराची जागा सारवलेली होती. तिथे कांद्याची टोपली होती.

"गणपती कुठं हाय, आई?"

"गेला."

"कदी?"

"परवा. दीड दिवसाचा केला ना. भाविकाला झेपत नाय गं, खरंच नाय झेपत."

"आन् फोनवर तू मला कोंबड्या सांगत व्हतीस."

येसूबाईंनी कांद्याची टोपली उचलली, तिथे पाट मांडला, पाटावर तांदूळ ओतले. हर्षलाने तेरडा त्यावर ठेवला. गौर बसली. शेजारी गणपती नव्हता, अंगावर साडी नव्हती.

दोघी जेवायला बसल्या तेव्हा देवेशचा फोन आला. हात खरकटा म्हणून येसूबाईंनी तो स्पीकरवर लावला. महाबळेश्वरचं हवामान सांगून झाल्यावर येसूबाई म्हणाल्या, "हर्षला आलीय."

देवेश म्हणाला, "ग्रुपवर टाकलं होतं ना."

"मी ग्रुपवर नाय," हर्षलाने पाण्याच्या हंड्याला सांगितलं.

देवेशने ते ऐकलं असावं. तो मनाने वाईट माणूस नव्हता. आवाज मऊ करून म्हणाला, "बरं झालं आली ते, तुला सोबत झाली. आता पुढच्या वर्षीपासून तिचीही धावपळ वाचेल."

फोन बंद झाल्यावर हर्षलाने ताट उचललं, घासलं, पालथं घातलं. मग पिशवी घेतली.

"दोन रात्री राहाते ना गं गवर," येसूबाई म्हणाल्या.

"तिला ठेव की. मी जाते."

"सासूला काय सांगशील?"

"सांगेन, आमच्याकडं यंदा सोपा सण केला."

येसूबाई तिला सोडायला चौकपर्यंत गेल्या. जीप भरायची होती. दोघी टपरीच्या आडोशाला उभ्या राहिल्या.

"मग आता कदी येशील?"

हर्षलाने खरंच विचार केला. "दसऱ्याला भात कापणीला येतं."

"भाऊबीज?"

"भाऊबीज भावाची असते, आई."

"संक्रांतीला ये."

"तेव्हा सासरी हळदीकुंकू. मोठी सून मी." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "शिमग्याला आमचीच पालखी."

"अशीच ये एकदा. उगाच."

"उगाच कशी येऊ? दारात उभी राहून काय सांगू? आन् तो घरात असला तर?"

येसूबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सगळे सण बोटांवर घेतले. कुठेच जागा मिळेना. ड्रायव्हरने हाक मारली.

जीपमध्ये चढताना हर्षला हसली. "तू आजारी पड. मग येईन. आजारी आईकडं यायला कुनी नाय म्हणत नाय."

येसूबाईही हसल्या. जीप कर्जतच्या रस्त्याला लागली तरी त्या हसतच होत्या. मग पदराने तोंड पुसून त्या गावाकडे वळल्या. चढावर कुठे थांबल्या नाहीत, दम लागला नाही.

विमलबाई ओटीवर गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्यांनी येसूबाईंचा चेहरा बघितला. हर्षलाचं विचारायचा धीर त्यांना झाला नाही.

"तब्येत बरी हाय ना गं, येसू?"

"चांगली ठणठणीत हाय बग," येसूबाई म्हणाल्या. "काय करू सांग."