टोपलीतला वर्ग

मोबाईलच्या पडद्यावरच्या काळ्या चौकोनांना विद्याश्री अख्खं सत्र कन्नड शिकवत आली होती. एकेका चौकोनात एकेक विद्यार्थी होता म्हणे. कोणी पुण्यात, कोणी पाटण्यात, कोणी कोचीत. बेंगळुरूला इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला आणि करोनाने घरी बसवलं, अशी ही पोरं. कन्नड सक्तीचं, म्हणून हजेरी लावायची आणि कॅमेरा-माईक बंद करून ताणून द्यायची. कोणाचा माईक चुकून चालू राहिला, तर त्याच्या घरचा कुकर तेवढा उत्तर देई.

काल विभागप्रमुख नरसिंहरावांचा मल्लेश्वरमहून फोन आला होता. तेही तिच्यासारखे घरचे मराठीच. "विद्याश्री, पोरं तोंडच उघडत नसतील तर बाई कशाला, व्हिडिओ लावून देऊ, असं वरचे म्हणतायत. उद्या मी वर्गात बसतो. पोरं बोलली तरच मला तुझ्यासाठी भांडता येईल बघ."

नवऱ्याचं दुकान टाळेबंदीत कुलपात पडलेलं. ही नोकरी गेली की चुलीचं काय, या विचाराने बिचारीला झोप कुठली लागायला!

बेंगळुरूत चामराजपेटेतल्या तिच्या घरात नेटवर्क यायचं ते फक्त गॅलरीत. तिथे स्टुलावर वेताची टोपली आणि टोपलीत टेकवलेला मोबाईल, असा तिचा वर्ग भरे. टोपली सासूबाईंची. करोनात शिवाशिव नको म्हणून शकुंतलाबाई ती दोरीने खाली सोडून भाजी घेत.

"बाजारात गेलात तर काय मागाल?" विद्याश्रीने विचारलं. चिडीचूप. "अभिराज, तू सांग." अभिराजही चिडीचूप. नरसिंहराव सगळं ऐकत होते. "थांबा, भाज्यांची चित्रं आणते," म्हणून ती आत गेली.

तेवढ्यात खाली धनलक्ष्मी भाजीवालीची आरोळी उठली. शकुंतलाबाई लगबगीने आल्या, चष्मा कपाळावर, आणि रोजच्या सवयीने टोपली दिली खाली सोडून.

विद्याश्री परतली तर स्टूल रिकामं!

"अत्ते, टोपली कुठंय?" तिने सासूबाईंना विचारलं.

"सोडली की ग खाली. स्वल्प दम काढ, सोप्पु घेते, पालेभाजी."

"अत्ते, त्यात माझा वर्ग होता!"

"टोपलीत? वर्ग?"

विद्याश्री कठड्यावरून वाकली. खाली धनलक्ष्मी टोपली धरून मोबाईलवर ओणवी झाली होती. आत डोकी दिसेनात, पण कुकरची शिटी ऐकून कोणीतरी आहे एवढं तिला कळलं. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक! ती खणखणीत आवाजात ओरडली, "एन् बेकु?" काय पाहिजे?

विद्याश्रीने सासूबाईंच्या हातातली दोरी धरली.

मग टोपलीतून अडखळत आवाज आला. "अम्मा... कोत्तंबरी सोप्पु बेकु." कोथिंबीर! अभिराज! तिसऱ्या धड्यातलं वाक्य पठ्ठ्याने जसंच्या तसं काढलं होतं. त्याच्यामागून एकीने वांगी मागितली. कोचीच्या पोराने तर वर फुकट मिरच्याही मागितल्या.

धनलक्ष्मी खदखदून हसली. "मिरच्या देते, आधी सांगा, ऊट आयिता?" जेवलात का? या गावात नमस्काराच्या जागी हेच विचारतात. पोरांनी ते पहिल्याच धड्यात घोकलं होतं, पण त्यांना ते खरोखर विचारणारं कोणी भेटलंच नव्हतं.

"आयितु!" "आयितु, अम्मा!" झालं जेवण! नुसता गलका उडाला. त्यात एक बारीक आवाज, "इन्नू इल्ला." अजून नाही.

"मग जेव की रे आधी," धनलक्ष्मी रागावली. विद्याश्रीला भरून आलं. आणि त्या गलक्यात एक भारदस्त कन्नड आवाज घुसला, "अम्मा, मल्लेश्वरमला येतेस का? इथं धड वांगी मिळत नाहीत." नरसिंहराव!

टोपली वर आली. विद्याश्रीने मोबाईलवरची कोथिंबीर झटकली. काळे चौकोन गेले होते. भाजीवाली बघायला नि आपण तिला दिसायला म्हणून सगळ्यांनी कॅमेरे लावले होते. विस्कटलेले केस, चष्मे, एकाच्या तोंडात घास. अख्ख्या सत्रात तिला तिची पोरं आज पहिल्यांदा दिसत होती.

"वरच्यांना काय सांगू, सर?" तिने भीत भीत विचारलं.

"मी सांगतो," नरसिंहराव म्हणाले. "बाई हवीच. टोपलीसकट."