जुहर ते असर

कराचीच्या ड्रिग रोड विमानतळाहून मुंबईला विमानानं तीन तास. उस्माननं हे तीन तास पत्रांत इतक्या वेळा लिहिले होते, की वाशीमच्या अख्ख्या मोहल्ल्याला ते तोंडपाठ झाले होते. ‘अम्मा, ड्रिग रोडला बसायचं, सांताक्रूझला उतरायचं. जुहरची नमाज इथं पढीन, असरची तिकडं.’ वा रे पठ्ठ्या! सांताक्रूझहून वाशीम दीड दिवसावर आहे आणि मधे अकोल्याला गाडी बदलावी लागते, हे त्यानं सोयीनं गाळलं होतं. पासपोर्ट, व्हिसा, कचेऱ्यांतले हेलपाटे यांचं तर नावच नाही. फाळणीत गेलेला हा लेक नऊ वर्षांत एकदाही फिरकला नव्हता, मग त्याला तरी ते कुठून ठाऊक असणार!

पण त्याची आई, म्हातारी शाहजादी, त्या तीन तासांवर जगत होती. दर शुक्रवारी थोरल्या लेकीकडून, लतीफाकडून, त्यातलं एक पत्र वाचून घ्यायची. दुपारची जुहर झाली की चटईवरच बसून राहायची, थेट दिवस कलल्यावर असरची बांग होईपर्यंत.

"एवढाच दूर हाय माहा उस्मान," म्हणायची.

उन्हाळ्याच्या तोंडी तिनं अंथरूण धरलं. लतीफा तार करायला निघाली, तर म्हातारीनं तिचा पदर धरला. "आतापासून कायले त्याचं काम मोडतं? तीन तासाचा त रस्ता. लईच झालं त बोलाव."

आणि लतीफानं ऐकलं. तिलाही ते पटलं होतं, याचीच तिला आता सगळ्यात जास्त चीड होती.

लईच झालं तेव्हा तार गेली. म्हातारी चार दिवस दाराकडे डोळे लावून पडली होती. पाचव्या दिवशी गेली.

तार गेल्यापासून सोळाव्या दिवशी भरदुपारी दाराशी टांगा थांबला. मोटारस्टँडवरच कुणीतरी सांगितलं असावं, उस्मान रडतच उतरला. शेजारणी हळहळल्या, "किती दुरून आला बिचारा!"

लतीफाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दूर? कोन म्हन्ते दूर? तीन तास!"

"आपा, व्हिसासाठी बारा दिवस रांगेत उभा होतो," उस्मान हुंदके देत म्हणाला. "मले आदी काहून नाही बोलावलं?"

लतीफानं म्हातारीच्या उशीखालचं, घड्यांवर फाटलेलं पत्र काढून त्याच्या हातात कोंबलं. "वाच."

तो वाचू लागला. "अम्मा, ड्रिग रोडला बसायचं..." पुढं ‘जुहरची नमाज’पाशी येऊन तो अडखळला.

"इथं नको अडखळू," लतीफा कडाडली. "इतके दिवस तिले म्या वाचून दाखवलं. मी बाईमाणूस, मले कबरस्तानात जाता येत नाही. तुले येते. जुहर आत्ताच झाली. जाय, तिच्या उशाशी बस, अन् असर होईपर्यंत हेच वाचत राह्य."