शून्यावर पडलेलं घर

रंगनाथनं एक बटण दाबलं आणि केवळाबाईचं नवं घर थेट ग्यानबाच्या रानात जाऊन पडलं.

"उचल ते," तिचे यजमान दत्तराव खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाले. "आधी तिथून उचल."

केवळाबाई मात्र पुढं सरकून काळ्या पडद्याकडं बघत राहिली. परभणीत नकाशे काढणाऱ्या रंगनाथनं नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. पेडगावच्या त्यांच्या रानात टेप घेऊन तो येऊन गेला होता आणि रानाचा नकाशा त्यानं पडद्यावर काढून ठेवला होता. घराचा नकाशा पुण्याहून लेकानं, भुजंगनं, फ्लॉपीवर पाठवला होता. आता ते घर या रानात बसवायचं आणि कागद छापून घ्यायचा, एवढंच काम उरलं होतं. उद्या मिस्त्री त्या कागदावरून पाया आखणार होता.

पण घर काही सरळ बसेना. पहिल्यांदा आणलं तेव्हा ते एवढं मोठं झालं की पडद्यावर नुसती एक रेघ दिसली. भुजंगनं मिलिमीटरात काढलंय आणि मी रान मीटरात, असं म्हणत रंगनाथनं ते हजारपट लहान केलं. लहान झालेलं घर बांध ओलांडून भलतीकडंच गेलं.

"बाहेरून आणलेलं चित्र आधी माझ्या शून्यावर येऊन बसतं, मामा," रंगनाथ म्हणाला. "मी मोजायला सुरुवात केली ती बांधापलीकडच्या दगडापासून."

"शून्य त्याच्या रानात काहून धरलं?"

"तो दगड पक्का आहे. हलत नाही."

दत्तराव परत खुर्चीत टेकले. ग्यानबा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. बांधावरची एक बाभूळ कुणाची, यावरून दोघांचं बिनसलं, ते बाभूळ तोडून झाली तरी मिटलं नव्हतं. केवळाबाईला त्या बाभळीचं सोयरसुतक नव्हतं. तिला ग्यानबाची बायको कासाबाई हवी होती. जाऊ असली तरी कासाबाईशी चार शब्द बोलल्याशिवाय पूर्वी तिचा दिवस सरत नसे. भावांनी अबोला धरला आणि बायकांनाही तो पाळावा लागला. नव्या घराचं ठरलं तेव्हा दत्तरावांनी भुजंगला बजावून सांगितलं होतं, पूर्वेची भिंत सलग पाहिजे, खिडकीसुद्धा नको. पूर्वेला बांध होता आणि बांधापलीकडं ग्यानबाचं घर. केवळाबाईनं तेव्हा मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.

"घराचा एक कोपरा धरू," रंगनाथ म्हणाला. "तो रानात कुठं टेकवायचा ते सांगा. मग दुसरा कोपरा धरून वळवतो."

"रस्त्याकडचा कोपरा लिंबापाशी."

घर अलगद बांध ओलांडून आलं, लिंबापाशी टेकलं आणि वळून रस्त्याच्या सरळ रेषेत उभं राहिलं. आता ते चांगलं बसलं होतं. पूर्वेची भिंत बांधाला समांतर, सरळसोट. केवळाबाईला ती रेघ बघवेना. उद्या ती दगडमातीची झाली की झालंच.

"रंगनाथ, हे उलटं करता येतं का?" तिनं विचारलं. "भाकर उलटल्यावानी?"

"येतं की, मामी. आरशात दिसतं तसं. डावं ते उजवं होईल."

"आता काय काढलंस हे?" दत्तराव म्हणाले.

"चूल नैऋत्येला पडायलीय. चूल आग्नेयेला पायजे का न्हाई?"

रानातल्या जुन्या घरात तिची चूल जन्मभर वायव्येला होती आणि त्यापायी एकही भाकरी कच्ची राहिली नव्हती. पण वास्तुशास्त्राची गोष्ट निघाल्यावर दत्तरावांना नाही म्हणता येईना. त्यांनी रंगनाथला मान हलवून खूण केली.

घर उलटलं. आतली अक्षरंही उलटी झाली. सलग भिंत पश्चिमेला गेली आणि स्वयंपाकघराचं दार बांधाकडं आलं.

दत्तरावांच्या ते लक्षात आलं. ते वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. केवळाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळून धरलं. मग दत्तरावांनी बांधापलीकडच्या काळ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं काहीच काढलं न्हाई."

"ते तुमच्या हद्दीबाहेर आहे, मामा. लागत नाही."

"घर हाय तिथं. काढ."

"माप घेतलेलं नाही मी."

"अठरा हात लांब, बारा हात रुंद. मी सांगतो ना. पाया मीच आखलेला हाय."

रंगनाथनं चौकोन काढला. दत्तरावांनी तो हाताच्या खुणेनं जरा खाली सरकवून घेतला, मग आणखी जरासा.

"दार पूर्वेलाच ना?" रंगनाथनं विचारलं.

"न्हाई. पश्चिमेला." दत्तरावांनी चौकोनाची बांधाकडची बाजू बोटानं दाखवली. "समद्यांनी सांगितलं पूर्वेला ठेव म्हणून. ऐकला न्हाई. म्हणला, दादाच्या घराकडं पाठ कशी करू."

रंगनाथनं पश्चिमेची रेघ मधोमध तोडली. दोन घरांची दोन दारं समोरासमोर आली, मध्ये फक्त बांध राहिला.

"मग हे असंच छापू, का आधीसारखं उलटवू?"

दत्तराव उठले. टोपी नीट केली आणि कधी नव्हे ते बायकोकडं बघून थोडंसं हसले.

"हिला इचार," ते म्हणाले. "चूल हिची हाय."