रडवी नावाचा मासा

मित्रांनो, कॉलेजच्या संग्रहालयात, खिडकीशेजारच्या कपाटात उभी असलेली मी एक जुनी काचेची बरणी. भट्टीतून निघाले तेव्हा मी इतकी नितळ होते, की पलीकडचा माणूस आरपार दिसायचा. इथे आल्यावर माझ्यात औषधाचे पाणी भरले, वीतभर लांबीचा मासा सोडला आणि प्राणिशास्त्राच्या सरांनी माझ्या पोटावर चिठ्ठी चिकटवली : 'रडवी. पाण्याबाहेर काढल्यावर डोळ्यांतून चिकट पाणी गळते, म्हणून हे नाव.'

विद्यार्थी ती ओळ वहीत उतरवून घेत. माझ्याशिवाय तास होत नसे. मला भारी अभिमान वाटे.

एके सकाळी दोन म्हाताऱ्या बहिणी आल्या. धाकटीची नात इथेच शिकत होती, तिने ती ओळ घरी वाचून दाखवली होती.

"सर, हे साफ खोटं आहे," धाकटी तावातावाने म्हणाली. "रडवी हे माझ्या या ताईला पाडलेलं नाव!"

मग तिने सगळे सांगितले. वडिलांची होडी परतली नाही, तेव्हा ताई नऊ वर्षांची होती. आठवडाभर ती धक्क्यावर रडत बसली. त्या आठवड्यात बाकीच्यांच्या जाळ्यांत फक्त हेच मासे येत होते. ताई प्रत्येक टोपलीला आडवी जाई. "विकू नका, यांनी माझ्या बाबांना पाहिलं असेल," म्हणे. लोक हसत. "आली बघा रडवी!" बघता बघता ते नाव माशालाही चिकटले. त्याआधी त्याला 'रुपेरी' म्हणत. पुढे बाजारात 'ताजी रडवी' अशी आरोळी उठली, की ताई कानांवर हात ठेवी. शेवटी तिने बाजारात जाणेच सोडले.

सर म्हणाले, "आजी, शास्त्रात ऐकीव गोष्टी चालत नाहीत. आणि चिठ्ठीवर जागा तरी कुठे आहे?"

थोरलीला ऐकू कमी येई, त्यामुळे हे बोलणे तिला कळले नव्हते. तिला वाचताही येत नव्हते. तिने माझ्यावर बोट टेकवले. "काय लिहिलंय हो माझ्याबद्दल?"

सर अडखळले, मग तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "लिहिलंय की... याला रुपेरी म्हणतात."

"हो का?" तिचा चेहरा उजळला. "म्हणजे विसरले लोक."

धाकटीने ओठ चावला आणि बहिणीचा हात धरून तिला बाहेर नेले. सर माझ्याकडे वळले. चिठ्ठीचा एक कोपरा त्यांनी नखाने उचकटला, पुन्हा दाबून बसवला आणि ते निघून गेले.

त्याच वर्षी थोरली वारल्याचे नातीने वर्गात सांगितले. सर निवृत्त झाले. माझ्यातले पाणी तपकिरी झाले, मासा धड दिसतही नाही. चिठ्ठी मात्र शाबूत आहे. परवाच कोणीतरी ती ओळ नव्या फलकासाठी उतरवून नेली.

मित्रांनो, मला पुसायला कोणी येत नाही, याचे मला फारसे वाईट वाटत नाही. एवढेच मागते, कुणाला नावे ठेवू नका. आणि कुणी आपल्या नावाची गोष्ट सांगायला आले, तर जागा नाही म्हणू नका. दुसरी चिठ्ठी घ्या.