तीन दशांश पाऊस

"बाई, गेल्या अकरा वर्षांत आपल्या शाळेत तीन दशांश मिलिमीटर पाऊस एकदाही पडलेला नाही."

मुलीने संगणकाचा पडदा बाईंकडे वळवला. बारावीच्या वर्गात तिला सगळे शंकासूर म्हणत. बाई पृथ्वी आणि अवकाश विज्ञान शिकवायच्या आणि या शंकासुराची त्यांना थोडी धास्तीच होती.

"चार दशांशही नाही," ती म्हणाली. "त्याआधीच्या अकरा वर्षांत सगळं आहे, एक, सात, नऊ. मग एका दिवसापासून नुसते शून्य आणि पाच. साडेतीन, चार, साडेअकरा. पावसाला बाकीच्या आकड्यांचा कंटाळा आला का?"

बाई हसल्या नाहीत. मुलीचा प्रकल्प शाळेच्या बावीस वर्षांच्या पाऊस-नोंदींवर उभा होता आणि शुक्रवारी तो स्पर्धेला जायचा होता. सोबत एक प्रमाणपत्र जोडायचे होते: या नोंदी प्रत्यक्ष मोजून घेतलेल्या आहेत. त्याखाली सही बाईंची. नोंदी खोट्या निघाल्या तर अर्धा प्रकल्प गळून पडणार होता. आणि मामांचे काय, हा प्रश्न त्याहून अवघड होता.

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले परिचर. खडकांचे नमुने धुऊन पुसून खोक्यात ठेवणे, ग्रहणाच्या पाठाला दिवा आणि चेंडू मांडणे, आणि रोज सकाळी साडेआठला इमारतीमागच्या कुंपणात जाऊन पर्जन्यमापकातले पाणी मोजणे. सुट्टीच्या दिवशीही यायचे. नोंदवहीवर दर महिन्याला बाईंची सही असे. ती त्या सहा वर्षे करत होत्या, आणि पानावरून नजर फिरवण्यापलीकडे त्यांनी कधी काही वाचले नव्हते.

अंदाजाने लिहिणारा माणूस अर्ध्यावर किंवा पूर्णावर थांबतो, हे बाईंना चांगले ठाऊक होते. कॉलेजात असताना अभ्यासदौऱ्यावर पहाटेच्या तपमानाची पाळी त्यांच्याकडे आली होती. तीन पहाटा त्यांनी पांघरुणातूनच लिहून काढल्या होत्या. ते कुणालाही कळले नव्हते. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच. ज्या वाटेने आपण एकदा गेलो, ती वाट दुसऱ्याच्या पायाखालीही लगेच दिसते.

दोन दिवस त्यांनी मामांवर लक्ष ठेवले. संशयाचे एक असते, तो आला की समोरचा साधा माणूसही लपूनछपून वागायला लागतो. मामा कुंपणात गेले ते चार मिनिटांत परत आले. चार मिनिटे पुरतात का? वहीत लिहिताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. बाई आत आल्या तसा त्यांनी खालचा खण पायाने सरकवून बंद केला. यात काय होते? काहीच नसेल. पण काहीच नसेल तर पायाने कशाला?

सरळ विचारावे असे एकदा मनात आले. पण विचारले की उत्तर मिळते, पुरावा मिळत नाही.

रात्री जेवताना त्यांनी सासूबाईंना बेत सांगितला. उद्या संध्याकाळी पर्जन्यमापकात मोजून पाणी ओतायचे. आकाश निरभ्र होते, पाऊस येणार नव्हता. मामा खरेच आतली बाटली काढून बघत असतील तर त्यांना पाणी दिसेल. खुर्चीत बसून लिहीत असतील तर शून्य लिहितील.

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "दूध नासलंय का बघायला कुणी त्यात लिंबू पिळतं का गं?"

"आई, हा प्रयोग आहे."

"असेल. मी आपलं दुधाचं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी कार्यालयातली किल्ली घेतली. कुंपणाच्या दोनच किल्ल्या होत्या, दुसरी मामांकडे. त्यांनी नरसाळे उचलले, बाटलीत एकशे चौतीस मिलिलिटर पाणी ओतले, नरसाळे परत बसवले, कडी लावून कुलूप घातले. हे सगळे किती सहज जमले, याचे त्यांना नंतर वाईट वाटले.

सकाळी नऊला त्यांनी वही उघडली. पावसाच्या रकान्यात शून्य होते.

बाईंचा अंदाज खरा ठरला होता. सुटका की दुःख, ते त्यांना ठरवता आले नाही. मग त्यांची नजर त्याच ओळीत पुढे गेली, शेऱ्याच्या रकान्यात. तिथे बारीक, सरळ अक्षरात लिहिले होते: 'पाऊस नाही. गवत व नरसाळे कोरडे. बाटलीत पाणी आढळले, १३० व १४० च्या रेघांमध्ये. कडी सरळ लावलेली होती, मी उलटी लावतो. हे पाणी पावसात धरू नये.'

बाई खुर्चीत बसल्या. एकशे तीस, एकशे चाळीस. ही मिलिलिटरची मापे होती. पावसाच्या मापनपात्रावर मिलिमीटर असतात. त्यांनी कपाटातून अकरा वर्षांपूर्वीची वही काढली आणि जिथून दशांश नाहीसे झाले होते तो दिवस शोधला. शेरा तिथेही होता. 'मापनपात्र हातून फुटले. नवीन मागवले आहे. तोवर रसायनशाळेचे पात्र. २० मिलि म्हणजे १ मिमी. रेघ दर १० मिलिला, म्हणून नोंद अर्ध्या मिमीपर्यंतच.' पुढच्या तीन वर्षांत तीनदा एकच ओळ: 'नवीन पात्राबद्दल पुन्हा अर्ज दिला.' त्यानंतर मामांनी अर्जाबद्दल लिहिणे सोडले होते.

मुलीने आकडे संगणकात उतरवून घेतले होते. शेरे कुणी उतरवले नव्हते. शेऱ्यांचा आलेख काढता येत नाही.

मामा दारात उभे होते. त्यांनी वाकून खालचा खण उघडला आणि रसायनशाळेचे ते उंच पात्र टेबलावर ठेवले. खणाची मूठ केव्हाच निखळली होती.

"रेघांच्या मधलं मला दिसायचं, बाई," ते म्हणाले. "पण जिथं रेघ नाही तिथलं लिहायचं कसं? ते माझ्या मनाचं झालं असतं."

बाई म्हणाल्या, "मामा, ते पाणी मी ओतलं होतं."

"कळलं ते. पोरांनी ओतलं असतं तर अर्धं कुंपणात सांडलं असतं. बाहेर एक थेंब नव्हता."

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

मामा म्हणाले, "विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण तुम्ही ते खरं धरलं असतं का?"

 उत्तराची वाट न पाहता ते खडकांच्या खोक्यांकडे वळले.

शुक्रवारी बाईंनी प्रमाणपत्रावर सही केली. मुलीने सगळे शेरे वाचून काढले, पात्र बदलल्याची हकीकत प्रकल्पात एक आख्खे पान लिहिली, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या नोंदींनी वर्षाच्या बेरजेत फारसा फरक पडत नाही हे गणिताने दाखवले. प्रकल्पाला दुसरा क्रमांक मिळाला. बाई स्वतः चार वेळा कार्यालयात जाऊन बसल्या, तेव्हा नवे मापनपात्र आले. त्यावर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या रेघा होत्या. मामांनी ते उजेडात धरून पाहिले, छान आहे म्हणाले.

पण त्या दिवसापासून मामा एकट्याने पाणी मोजत नाहीत. सकाळी साडेआठला कुंपणाशी जातात आणि बाई येईपर्यंत थांबतात. बाईंनी पहिल्या आठवड्यात सांगून पाहिले की याची गरज नाही, माझा तुमच्यावर विश्वास आहे. मामा म्हणाले, हो, आणि दुसऱ्या दिवशी तसेच थांबले. एकदा बाईंना वीस मिनिटे उशीर झाला. ते उभेच होते.

महिनाभर पाऊस नाही. तरी आज बाई पर्स वर्गात टाकून मागे आल्या. मामांनी कुलूप काढले, नरसाळे उचलले, बाटली बाहेर काढली आणि बाईंपुढे धरली. मग ती उपडी करून झटकली. वाळलेल्या गवतावर काही पडले नाही.

मामा दुसरीकडे, भिंतीकडे पाहत होते.

"शून्य," बाई म्हणाल्या.

मामांनी शून्य लिहिले आणि सहीसाठी वही पुढे केली.